जुने रॉक अल्बम, नवे मिक्स : सुधारणा की ढवळाढवळ?



आजचा विषय एका फोनवरच्या भांडणातून निघाला आहे. माझा एक कोर्समेट कोलकात्याला असतो. अकादमीपासूनची मैत्री, म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेली. आमच्यात राजकारणावरून वाद होत नाही, पेन्शनवरून होत नाही, फक्त गाण्यांवरून होतो. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या १९६६ सालच्या अल्बमचं नवं रिमिक्स २०२२ मध्ये आलं. ते ऐकून त्यानं मला फोन केला आणि पहिलंच वाक्य टाकलं, ‘‘ही तोडफोड आहे. अजिंठ्याच्या भिंतीला कोणी ऑइलपेंट लावतं का?’’

मी म्हणालो, ‘‘अरे, मला तर ‘एलिनॉर रिग्बी’ आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं.’’

तो काही क्षण गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘तो तुझ्या कानांचा प्रश्न आहे, रेकॉर्डचा नाही.’’

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. पण उरलेलं अर्धं काय, ते शोधता शोधता मी बरंच वाचलं, बरंच ऐकलं. ते आज तुमच्यासमोर मांडतो. मी संगीततज्ज्ञ नाही, ध्वनी अभियंताही नाही. मी तोफखान्यातला निवृत्त माणूस. आमच्या उमेदवारीच्या काळात देवळालीच्या रेंजवर तोफा डागताना कानात कापसाचे बोळे घातले की झालं, असं आम्ही समजायचो. बऱ्याचदा तेही नसायचे. त्याचा हिशोब साठीनंतर चुकता करावा लागला. माझा डावा कान बरा आहे. उजवा कान उंच पट्टीचे आवाज जवळजवळ ऐकतच नाही. हे आधीच सांगितलं, कारण परीक्षकाची नजर कशी आहे हे माहीत असल्याशिवाय त्याच्या निकालाला अर्थ नसतो.

आधी शब्द साफ करू

भारतात ‘रिमिक्स’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर २००२ चं ‘काँटा लगा’ येतं. जुनं गाणं नव्या गायिकेकडून गाऊन घ्यायचं, खाली ढोल-बीट टाकायचा, व्हिडिओ करायचा. त्याआधी आपल्याकडे ‘झंकार बीट्स’च्या कॅसेट होत्या. लता-रफींच्या मूळ गाण्यावर वरून ड्रमचा थर चढवलेला. ट्रकमध्ये, टॅक्सीत, पानाच्या टपरीवर तेच वाजायचं. आजचा विषय तो नाही, पण झंकार बीट्स लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

रॉक अल्बमचं रिमिक्स म्हणजे वेगळी गोष्ट. ती समजायला मिसळीचं उदाहरण घेऊ. मी गेली काही वर्षं महूला राहतो. इथे इंदूरच्या पोह्यांचं राज्य आहे, त्यामुळे मिसळीची आठवण जरा जास्तच येते. मिसळवाल्याकडे उसळ एका भांड्यात, रस्सा दुसऱ्यात, फरसाण तिसऱ्यात, कांदा-कोथिंबीर-लिंबू बाजूला. ताटलीत कशाचं प्रमाण किती, हे तो ठरवतो. रेकॉर्डिंगमध्येही असंच असतं. ड्रम एका ट्रॅकवर, बास गिटार दुसऱ्या, गाणाऱ्याचा आवाज तिसऱ्या. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोणाच्या आवाजाला किती घुमारा, हे ठरवून सगळं एकत्र करणं म्हणजे मिक्सिंग.

तयार ताटलीवर वरून थोडं तिखट, थोडं लिंबू मारलं, तर ते झालं रीमास्टरिंग. म्हणजे तयार मिक्स तसंच ठेवून एकूण आवाजाची पातळी आणि खर्ज-तार यांचा समतोल सुधारणं. आणि ताटली बाजूला ठेवून परत मूळ भांड्यांकडे जायचं आणि नव्यानं वाढायचं, ते रिमिक्सिंग. सीडीच्या पाकिटावर ‘रीमास्टर्ड’ लिहिलेलं असेल तर ती दुरुस्ती आहे. ‘न्यू मिक्स’ लिहिलेलं असेल तर ती नवी मांडणी आहे. या दोन शब्दांतला फरक न कळल्यामुळे निम्मे वाद होतात.

चार ट्रॅकचा जमाना

आता लंडनला, ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत जाऊ. साल १९६७. ‘सार्जंट पेपर’ अल्बम तयार होतो आहे. निर्माता जॉर्ज मार्टिन, ध्वनी अभियंता जेफ एमरिक. यंत्र आहे स्टुडरचं, ट्रॅक फक्त चार. आज तुमच्या फोनवरच्या फुकटच्या ॲपमध्येही याहून जास्त ट्रॅक असतात.

चार भांड्यांत चाळीस पदार्थ कसे मावायचे? युक्ती अशी होती. चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्रावरच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे. बाकीचे मोकळे झाले की त्यावर आणखी वाद्यं. पुन्हा भरले की पुन्हा उतरवायचे. त्या काळात टेपची नक्कल केली की प्रत्येक वेळी थोडी सळसळ वाढायची आणि आवाजाची धार थोडी बोथट व्हायची. त्यामुळे आधी वाजवलेले ड्रम आणि बास शेवटच्या रेकॉर्डवर येईपर्यंत दोन-तीन पिढ्या जुने झालेले असायचे.

२०१७ मध्ये जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन आणि अभियंता सॅम ओकेल यांनी या अल्बमचं नवं स्टिरिओ मिक्स केलं. ईएमआयनं जुन्या टेप फेकल्या नव्हत्या, पुसल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांना थेट पहिल्या पिढीच्या टेपपर्यंत जाता आलं. एकत्र करण्याआधीचे ड्रम, आधीचा बास, सगळं संगणकात घेतलं आणि एका रांगेत लावलं. म्हणजे १९६७ मध्ये खुद्द बीटल्सनाही शेवटच्या मिक्सिंगच्या वेळी जो ताजा आवाज हाताशी नव्हता, तो पन्नास वर्षांनी मिळाला.

इथे माझ्या कोर्समेटचा ऑइलपेंटचा दाखला लागू पडत नाही. हे भिंतीवरची काजळी पुसण्यासारखं आहे. रंग मूळचाच, फक्त दिसायला लागला.

मोनो, स्टिरिओ आणि माझा उजवा कान

पण गोष्ट इतकी सरळ नाही. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये बहुतेकांच्या घरी एकाच स्पीकरचा रेकॉर्ड प्लेअर होता. रेडिओही तसाच. म्हणून अल्बमचं मुख्य मिक्स मोनो असायचं. बीटल्स स्वतः हजर राहायचे ते मोनो मिक्सिंगला. स्टिरिओ मिक्स हे नंतर उरकायचं काम होतं आणि ते बरंचसं त्यांच्या गैरहजेरीत झालं. दोन्हींत फरकही राहिले. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणं मोनोत किंचित वेगवान आणि थोड्या वरच्या पट्टीत आहे. स्टिरिओत ते संथ झालं. पुढे मोनो मागे पडलं आणि जगभर स्टिरिओच ‘मूळ’ म्हणून रुजलं. जाइल्स मार्टिन यांनी २०१७ चं मिक्स करताना मार्गदर्शक म्हणून मोनो धरलं आणि त्या गाण्याचा वेगही मोनोचाच ठेवला. म्हणजे नवं मिक्स एका अर्थानं जुन्यापेक्षा जास्त जुनं आहे.

आता ‘एलिनॉर रिग्बी’कडे या. ‘रिव्हॉल्व्हर’च्या १९६६ च्या स्टिरिओ मिक्समध्ये पॉल मॅकार्टनीचा आवाज कडव्यांमध्ये पूर्ण उजव्या बाजूला ठेवलेला आहे. त्या काळच्या स्टिरिओ मिक्समध्ये अशी वाटणी बरेचदा दिसते, एका बाजूला वाद्यं, दुसऱ्या बाजूला गायक. मोठ्या खोलीत दोन स्पीकर लावून ऐकलं तर आवाज हवेत मिसळतात, फारसं खटकत नाही. पण हेडफोन लावला की गायक एकाच कानात जाऊन बसतो.

आणि माझा नेमका तोच कान गेलेला.

कित्येक वर्षं मला वाटायचं, या गाण्यात गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम पुसट ठेवला आहे, एकटेपणाचं गाणं आहे ना, म्हणून. त्यावर मी मेसमध्ये दोन-चार जणांना व्याख्यानही दिलं होतं. २०२२ चं मिक्स लावलं आणि आवाज डोक्याच्या मध्यभागी आला, व्हायोलिन-चेलो दोन्हीकडे पसरले. माझं व्याख्यान त्या दिवशी निकालात निघालं. दोष कवितेत नव्हता, कानात होता.

मग मी प्रामाणिकपणे दुसरी परीक्षा केली. मूळ मोनो मिक्स शोधून ऐकलं. २००९ पासून ते सीडीवर मिळतं. मोनोत आवाज दोन्ही कानांत सारखाच जातो. तिथेही गाणं पूर्ण ऐकू आलं! म्हणजे रिमिक्समुळे मला जे मिळालं, त्यातलं निम्मं तर १९६६ सालीच तयार होतं. फक्त ते माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. माझ्यासारख्या एका कानाच्या श्रोत्यांसाठी हा फुकटचा सल्ला आहे. बहुतेक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’चं बटण असतं. ते चालू करून बघा. निम्मी हरवलेली गाणी परत मिळतील.

मिसळीतून उसळ वेगळी काढणारं यंत्र

‘रिव्हॉल्व्हर’चं रिमिक्स आधी का झालं नाही? कारण इथे मूळ भांड्यातच पदार्थ एकत्र होते. ‘टॅक्समन’ या गाण्यात ड्रम, बास आणि गिटार एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर रेकॉर्ड झालेले आहेत. ड्रम वाढवायला जावं तर बास आणि गिटारही वाढणार. फरसाण रश्श्यात बुडल्यावर ते कोरडं कसं काढणार?

याचं उत्तर न्यूझीलंडहून आलं. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी १९६९ च्या जुन्या चित्रफितींवरून ‘गेट बॅक’ हा माहितीपट केला, तो २०२१ मध्ये आला. त्यात एकाच मायक्रोफोनवर बोलणं आणि वाद्यं एकत्र झाली होती. ती वेगळी करण्यासाठी त्यांच्या चमूनं संगणकाला प्रत्येक वाद्याचा, प्रत्येक माणसाचा आवाज ओळखायला शिकवलं. तेच तंत्र ‘रिव्हॉल्व्हर’ला लावलं. २०२३ मध्ये त्याच तंत्रानं जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवरून त्याचा आवाज पियानोपासून सोडवला आणि ‘नाऊ अँड देन’ हे गाणं पूर्ण झालं.

तंत्र विलक्षण आहे. पण तोफखान्यात आम्हाला शिकवलेलं एक सूत्र इथे आठवतं : प्रत्यक्ष पाहिलेलं लक्ष्य वेगळं आणि नकाशावरून अंदाजलेलं लक्ष्य वेगळं. ‘सार्जंट पेपर’मध्ये जाइल्स मार्टिन यांच्याकडे ड्रमची खरी, वेगळी टेप होती. ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये यंत्रानं ठरवलं आहे की एवढा आवाज ड्रमचा असावा. ठरवलं उत्तम आहे, पण शेवटी तो अंदाज आहे. माझ्या कोर्समेटचे कान माझ्यापेक्षा शाबूत आहेत. त्याला झांजांच्या आवाजात काहीतरी ‘धुतल्यासारखं’ वाटतं. मला ते ऐकू येत नाही, म्हणून तो चूक आहे असं मी म्हणू शकत नाही.

जिथे रिमिक्सनं खरंच काम केलं

जेथ्रो टल या बँडचा ‘अ‍ॅक्वालंग’ हा १९७१ चा अल्बम घ्या. लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवरच्या नव्या कोऱ्या स्टुडिओत तो रेकॉर्ड झाला. गाणी अव्वल, आवाज मात्र बसलेला, गोधडीखालून आल्यासारखा. बँडचा प्रमुख इयान अँडरसन स्वतः त्यावर नाखूश होता. २०११ मध्ये स्टीव्हन विल्सन यांनी त्याचं रिमिक्स केलं आणि गोधडी निघाली. ॲकॉस्टिक गिटारच्या तारा वेगवेगळ्या कळतात, बासरीत फुंकर ऐकू येते.

हे विल्सन स्वतः संगीतकार आहेत, पॉर्क्युपाइन ट्री या बँडचे संस्थापक. किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल अशा अनेकांचे अल्बम त्यांनी हाताळले. त्यांची पद्धत मला फौजी वाटते. आधी मूळ मिक्स पुन्हापुन्हा ऐकायचं. कोणतं वाद्य कुठे आहे, घुमारा किती आहे, शेवटी आवाज कसा विरतो, याची नोंद करायची. मग नव्यानं जुळवताना ते सगळं जसंच्या तसं परत उभं करायचं आणि त्यानंतरच साफसफाई. आपली कलाकुसर घुसडायची नाही. शिवाय आवाज दाबून मोठा करायचा नाही. किंग क्रिम्सनच्या पहिल्या अल्बमचं, १९६९ च्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’चं, २००९ चं रिमिक्स त्यांनी रॉबर्ट फ्रिप यांच्यासोबत केलं. मूळ वादक शेजारी बसलेला असला की हात आपोआप ताळ्यावर राहतो.

दुसरं उदाहरण रश या कॅनडाच्या बँडचं. त्यांचा ‘व्हेपर ट्रेल्स’ २००२ मध्ये आला. त्या काळात प्रत्येकाला आपलं गाणं शेजाऱ्याच्या गाण्यापेक्षा मोठं वाजायला हवं होतं. परिणामी आवाज इतका दाबून मोठा केला की तो फाटला. बँडलाच ते डाचत राहिलं आणि २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिल यांच्याकडून त्यांनी पूर्ण अल्बमचं रिमिक्स करून घेतलं. इथे वाद नाही. ज्यांनी चूक केली त्यांनीच ती मान्य केली आणि दुरुस्त केली.

आणि जिथे बिघडवलं

आता झंकार बीट्स आठवा. हा प्रकार फक्त आपल्याकडेच झाला असं नाही. टेक्सासच्या झी झी टॉप या बँडचे सत्तरच्या दशकातले अल्बम १९८७ मध्ये ‘सिक्स पॅक’ नावाच्या संचात सीडीवर आले. त्यांतल्या बहुतेकांना ऐंशीच्या दशकाच्या फॅशनप्रमाणे नवा, घुमारलेला ड्रमचा आवाज चढवला होता. १९७३ चा ‘ट्रेस ओंब्रेस’ हा धुळीनं माखलेल्या रस्त्यावरच्या ढाब्यासारखा अल्बम आहे. त्याला एकदम हॉटेलच्या लॉबीत नेऊन बसवलं. सगळ्यात वाईट म्हणजे पुढची कित्येक वर्षं सीडीवर तोच मिळायचा. मूळ मिक्स सीडीवर यायला २००६ उजाडलं. तोपर्यंत एक पिढी तो बदललेला आवाजच मूळ समजून मोठी झाली.

ऑझी ऑस्बोर्नच्या ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ची कथा आणखी टोकाची. मूळ बासवादक बॉब डेझली आणि ड्रमवादक ली कर्स्लेक यांनी हक्काच्या मानधनासाठी कोर्टात दावा लावला होता. २००२ मध्ये दोन्ही अल्बम पुन्हा निघाले तेव्हा या दोघांचं वादन काढून त्या जागी नव्या वादकांचं वादन टाकलेलं होतं. हे रिमिक्स नव्हे. ग्रुप फोटोतून एखाद्याचा चेहरा कापून दुसऱ्याचा चिकटवावा, तसं हे. श्रोत्यांनी मोठा गदारोळ केला. २०११ मध्ये मूळ वादन परत आलं.

फौजेत युनिटचे फोटो भिंतीवर असतात. शंभर वर्षांपूर्वीचा फोटो असला तरी खाली प्रत्येकाचं नाव असतं. कोणाशी पुढे पटलं नाही म्हणून फोटो बदलत नाहीत. म्हणून हे उदाहरण मला सगळ्यात जास्त लागलं.

मिक्स हीसुद्धा एक मैफल असते

माझ्या कोर्समेटचा सगळ्यात भक्कम मुद्दा आता सांगतो. तो म्हणतो, मिक्स म्हणजे फक्त वाढपीपणा नाही. कधीकधी मिक्स हीच रचना असते.

‘रिव्हॉल्व्हर’मधलं शेवटचं गाणं ‘टुमॉरो नेव्हर नोज’. त्यात टेपच्या गोल जोडलेल्या तुकड्यांवरचे विचित्र आवाज आहेत, पक्ष्यांच्या कलकलाटासारखे. एप्रिल १९६६ मध्ये स्टुडिओतल्या वेगवेगळ्या खोल्यांतल्या यंत्रांवर ते तुकडे एकाच वेळी फिरत ठेवले होते, काही ठिकाणी माणसं पेन्सिलीनं टेप ताणून धरून उभी होती, आणि मिक्सरवर फेडर वर-खाली करत कोणता आवाज कधी आत घ्यायचा हे त्या क्षणी ठरत होतं. तो खेळ थेट टेपवर उतरला. ते वादनच होतं, फक्त वाद्य म्हणजे मिक्सर. नव्या मिक्सलाही तोच तुकडा वापरणं भाग आहे, कारण तो प्रसंग पुन्हा घडवता येत नाही.

मेटॅलिकाचं उदाहरण वेगळं. त्यांच्या १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बास गिटार जवळपास ऐकूच येत नाही. जेसन न्यूस्टेड बिचारा नवा भरती झालेला वादक. चाहत्यांनी घरबसल्या बास वाढवलेल्या आवृत्त्या काढल्या. बँडनं मात्र २०१८ मध्ये फक्त रीमास्टर केलं, मिक्सला हात लावला नाही. चूक असेलही, पण ती त्या वेळच्या चार तरुणांची आहे, त्यांचा राग आणि त्यांचं दुःख तिच्यात आहे. दोन वर्षांपूर्वीच त्यांचा आधीचा बासवादक क्लिफ बर्टन अपघातात गेला होता. जेसन न्यूस्टेडवर अन्याय झाला असं मला आजही वाटतं. पण तो अन्याय झाला हेही त्या रेकॉर्डवर नोंदलेलं आहे, आणि नोंद पुसू नये हेही पटतं.

आपण ‘मूळ’ ऐकलं तरी होतं का?

आता एक प्रश्न आपल्यालाच. ‘मूळची सर नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपलं मूळ कोणतं?

ऐंशीच्या दशकात डोंगरातल्या एका पोस्टवर, बुखारीच्या उबेत आम्ही हे सगळं ऐकलं. कोर्समेटच्या घरी दमदमच्या कारखान्यात बनलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या होत्या. त्यांवरून कॅसेट, कॅसेटवरून कॅसेट. थंडीत सेल दमले की टेपरेकॉर्डर हळू चालायचा आणि गायक खर्जात जायचा. एका गाण्यात ठरावीक ठिकाणी तबकडीवरच्या ओरखड्याचा ‘टक्’ आवाज यायचा. आजही स्वच्छ डिजिटल प्रत ऐकताना त्या जागी माझं मन ‘टक्’ची वाट पाहतं. ती माझी आठवण आहे, मॅकार्टनीची कला नव्हे. भारतात, मग तुम्ही बडोद्याला वाढलेले असा, हुबळीला, हैदराबादला की नागपूरला, माझ्या पिढीतल्या फार थोड्यांनी खरं मूळ मिक्स चांगल्या यंत्रावर ऐकलं असेल. आपण आठवणीची बाजू घेतो आणि तिला ‘मूळ’ म्हणतो.

याच निमित्तानं आपल्या मराठी माणसांना एक गोष्ट सांगतो. ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यावर तबला आहे अनिल भागवत यांचा आणि त्यांचं नाव १९६६ च्या पाकिटावर छापलेलं आहे. पण ‘सार्जंट पेपर’मधल्या ‘विदिन यू विदाउट यू’च्या भारतीय वादकांची नावं पाकिटावर आली नाहीत. लोकांपर्यंत ती कित्येक दशकांनी पोचली. त्यांत दिलरुबावादकांमध्ये एक नाव अण्णा जोशी असं आहे. २०१७ च्या मिक्समध्ये तो दिलरुबा मला सतारीपासून वेगळा, स्वच्छ ऐकू आला. इतकी वर्षं ज्याचं नावही माहीत नव्हतं, त्या माणसाचा गज तारेवर फिरताना ऐकू येणं, ही माझ्या लेखी रिमिक्सची सगळ्यात मोठी कमाई आहे.

स्वतः कसं तपासाल?

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः ऐका. फक्त एक सापळा टाळा. माणसाच्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. कमी आवाजात खर्ज आणि तार आपल्याला कमी ऐकू येतात. आवाज जरा वाढवला की तेच गाणं एकदम भरदार लागतं. नवी मिक्स बहुधा जुन्यांपेक्षा मोठ्या पातळीवर असतात. म्हणून तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज हातानं सारखा करून घ्या. मग घरातल्या कोणाला तरी बटण हाती द्या आणि कोणतं चालू आहे ते सांगू नका म्हणावं.

आमच्या घरी हे काम सौ.नं केलं. सहा गाण्यांपैकी दोन ठिकाणी मी जुन्यालाच नवं समजून त्याची तारीफ केली. तिनं ते वहीत लिहून ठेवलं आहे आणि पाहुणे आले की वाचून दाखवते.

तर निकाल काय?

‘रिमिक्स चांगलं की मूळ?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पण प्रत्येक रिमिक्सला विचारता येतील असे तीन प्रश्न आहेत. पहिला, मूळ मिक्समधला दोष हा यंत्राच्या मर्यादेचा होता का कलाकाराच्या निवडीचा? ‘अ‍ॅक्वालंग’ आणि ‘सार्जंट पेपर’ची स्टिरिओ आवृत्ती पहिल्या प्रकारात येतात, ‘टुमॉरो नेव्हर नोज’ दुसऱ्या. दुसरा, जे टेपवर आहे तेवढंच वापरलं की वरून काही घातलं, किंवा कोणाला वगळलं? इथे झी झी टॉप आणि ऑझीचे ते संच नापास होतात.

तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोठा. नवं आल्यावर जुनं मिळतं का? पूर्वी दुकानात जुनी तबकडी पडून तरी असायची. आज आपण ॲपवर ऐकतो. तिथे समोर जे पहिलं येतं तेच पुढच्या पिढीचं ‘मूळ’ होतं, आणि जुनं कधी हटवलं हे कळतही नाही. रिमिक्स कितीही सुंदर असो, ते मूळच्या शेजारी उभं राहिलं पाहिजे, त्याच्या जागी नाही. ही अट पाळली तर मला एकाही रिमिक्सचं भय वाटत नाही. वाईट निघालं तर ऐकणार नाही, इतकंच.

मागच्या आठवड्यात कोर्समेटला पुन्हा फोन केला. हा सगळा हिशोब सांगितला. तो म्हणाला, ‘‘म्हणजे तू हरलास हे मान्य करतोस.’’ मी म्हटलं, ‘‘एक काम कर. उजव्या कानात कापूस घाल आणि जुनं स्टिरिओ ‘एलिनॉर रिग्बी’ हेडफोनवर ऐक. मग नवं ऐक.’’

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, ‘‘ऐकलं. तुझ्या घरी नवं वाजव, माझ्या घरी जुनंच वाजेल.’’

चाळीस वर्षांत त्यानं दिलेली ही सगळ्यात मोठी सवलत आहे, आणि खरं सांगायचं तर निकालही तोच आहे.

जाता जाता तरुणांना एकच सांगतो. हेडफोनचा आवाज बेतानं ठेवा. रेकॉर्डचं रिमिक्स होतं, कानाचं होत नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.